तेराव्या दिवशी मशीन लावलं

तेराव्याची पंगत उठली, पत्रावळी कुत्र्यांनी ओढत वेशीपर्यंत नेल्या, तरी माझा भाऊ सिद्राम काही जागचा हलेना. घोंगडीवर मांडी ठोकून बसला आणि कोटाच्या खिशातनं कागद काढून माझ्यापुढं सरकवला.

"आक्का, सही कर. सही येत नसली तर अंगठा दे. उद्या सकाळच्याला चौकीत नेऊन देतो."

"सही येती मला," मी म्हणाले. "दोन यत्ता शिकलेय. तू दीडच शिकलास."

तो हसला नाही. तेरा दिवस आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं.

कागद नळदुर्गच्या अर्जनविसानं लिहिला होता. सगळा मला वाचता येत नव्हता, पण पोराचं नाव आईला कुठल्याही कागदात सापडतं. उत्तरेश्वर. त्याच्या खाली आयुबचं. मधल्या ओळी सिद्रामनं वाचून दाखवल्या. आयुब वल्द दादामियाँ यानं आमच्या भट्टीत विजेचं वेल्डिंग मशीन बसवलं, त्याची अर्थिंगची तार जमिनीत नीट सोडली नाही, म्हणून माझा थोरला लेक करंट लागून मेला. जमादार म्हणाला होता की घरच्यांनी लिहून दिलं तर आयुबला आत घेतो, नाहीतर अपघात म्हणून बंद करतो. सगळं माझ्या सहीवर येऊन थांबलं होतं.

कागदात एक गोष्ट नव्हती. ती मी कुणाला सांगितलेली नव्हती, आणि सांगणारही नव्हते.

तो अमावास्येचा दिवस होता. आमच्या घराण्यात दर अमावास्येला ऐरण धुतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, आणि त्या दिवशी भट्टीत कुणी पायात वहाण घालून जात नाही. माझ्या सासूनं मला हे सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. ऐरणीवर मी दोन घागरी पाणी ओतलं होतं, शहाबादी फरशी सगळी निथळत होती. तेवढ्यात हैदराबादकडं चाललेला एक ट्रक दाराला लागला. त्याच्या सांगाड्याचा कान, म्हणजे पाटा अडकवायचा लोखंडी तुकडा, तुटला होता आणि ड्रायव्हर घाईत होता. उत्तरेश्वर रबरी तळव्याचे बूट घालून आत शिरला, आणि मी त्याला उंबऱ्यातच अडवलं. बूट काढायला लावले. त्यानं काढले, बाहेर ठेवले, मी म्हणाले म्हणून नारळ फोडला आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून मशीन चालू केलं. मी नारळाची करवंटी उचलत होते. मागं वळले तर तो खाली पडला होता.

ड्रायव्हरनंच विजेचा खटका पाडला. लोक गोळा झाले तसा तो ट्रक घेऊन निघून गेला. आता हे ठाऊक असलेली मी एकटी होते, असं मला वाटत होतं.

"वाच की आक्का, काय बघत बसलीस," सिद्राम म्हणाला.

"चष्मा न्हाय."

"तुला चष्मा कधी होता?"

माझ्या भावाबद्दल वाईट बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही, पण त्या दिवशीचं त्याचं खरं सांगते. उत्तरेश्वरच्या हातात पहिला घण त्यानं दिला होता. आमच्या घरचे मालक गेले तेव्हा सिद्राम अणदूरचं स्वतःचं काम सोडून चार वर्षं आमच्या भट्टीत राबला आणि पोराला गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायला शिकवली. पुढं चौसष्ट साली वीज आली, आयुब सोलापूरच्या गिरणीतनं शिकून आला, आणि उत्तरेश्वर त्याच्या मागं लागला. दोघांनी मिळून हे जुनं मशीन सोलापुरातनं आणलं. पेटीएवढं धूड, खाली दोन लोखंडी चाकं, ओढायला दांडा. ट्रक भट्टीत मावत नाही तर मशीनच ट्रकपाशी नेता येतं, म्हणून पोराला त्याचं कौतुक. सिद्राम आला की उत्तरेश्वर म्हणायचा, मामा, तुमचे दहा घण आणि माझी वेल्डिंगची एक कांडी. गमतीनं म्हणायचा. पण सिद्रामला ते लागायचं. भाच्याला विजेनं नेलं हे त्याला सोसेना, आणि विजेला तुरुंगात घालता येत नाही, म्हणून त्यानं आयुबला धरला होता.

"ज्याच्या बापाला आपण अट्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनमध्ये कोळशाच्या खोलीत लपीवलं," तो म्हणाला, "त्यानंच आपलं घर बुडीवलं."

"लपीवलं ते बोलून दाखवायला लपीवलं व्हय?" मी म्हणाले. पण कागद मी परत दिला नाही. मांडीवर ठेवून घेतला. तेवढी मी खाली घसरले होते.

धाकटा बब्रुवान खांबाला टेकून बसला होता. मामाच्या प्रत्येक वाक्याला तो मान हलवत होता. त्याचं कारण मला नंतर कळलं. त्या अमावास्येला ट्रक आला की खटक्यापाशी उभं राहायची पाळी त्याची होती. दादाला न सांगता तो जळकोटच्या कुस्त्या बघायला गेला होता, आणि सांजच्याला शेंगा खात घरी आला तर दारात गर्दी. तेव्हापासून त्याला घास गिळवत नव्हता. आयुबची चूक ठरली असती तर त्याची सुटका होती. म्हणून तो मामाच्या बाजूला होता. मीही, तोंडानं नाही तरी, त्याच बाजूला होते. एका घरातली तीन माणसं एका कागदाला धरून बसलो होतो, ज्याचं त्याचं कारण वेगळं.

तेवढ्यात माझी सून अयोध्या चुलीपासून उठून माजघराच्या दारात आली. पदर डोक्यावरनं तोंडापर्यंत.

"मामाजी, एक विचारू का?"

"विचार की बाई."

"अर्थिंगच्या तारेचा खड्डा वाईट होता हे कुणी बघितलं?"

सिद्रामनं मान वळवून दाराकडं बघितलं. अयोध्या कधी त्याच्यासमोर बोललेली नव्हती.

"तो खड्डा म्या बघितलाय," ती म्हणाली. "कमरेएवढा खणला. मधोमध नळी उभी केली, ती म्या धरली होती. एक थर मीठ, एक थर कोळसा. मीठ माझ्या रांजणातलं. दर सोमवारी महादेवाला पाणी घातलं की तिथं एक घागर म्याच ओतत होते, ओल राहावी म्हणून. खड्डा वाईट म्हणून लिहायचं तर माझंबी नाव लिहा."

"बायकामाणसाला त्यातलं काय कळतंय."

"कळत न्हाय तर तपासून घ्या. आयुबभाईंना बोलवा आन् सगळ्यांसमोर मशीन लावायला सांगा."

खरं म्हणजे मशीनचं तिला बब्रुवानपेक्षा जास्त कळत होतं. पावसाळ्यात कांड्या सर्दाळल्या की ती तव्यावर शेकून द्यायची, भाकरी उतरल्यावर. जाडजूड केबल हातावर गुंडाळून खुंटीला लावायची, आणि लावताना एकेक हात बोटांखालनं काढायची, कुठं चीर पडलीय का बघायला. नवरा म्हणायचा, माझा हेल्पर. मी म्हणायचे, नवऱ्याच्या मागं मागं फिरायला निमित्त.

"भावजी, जावा," ती बब्रुवानला म्हणाली. "घेऊन या त्यांना."

बब्रुवाननं मामाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तो उठला. कदाचित त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. माणूस किती दिवस भीत बसेल.

आयुब आला तो दारात थांबला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मयतीच्या दिवशी तो आला होता तेव्हा सिद्रामनं त्याला खांदा देऊ दिला नव्हता.

"मावशी, येऊ का?"

"दार उघडंच हाय," मी म्हणाले. माझ्या तोंडातनं बरं काही निघत नाही.

भट्टी घराला लागूनच. तेरा दिवस बंद होती. सगळे तिकडं गेलो. उंबऱ्याबाहेर उत्तरेश्वरचे बूट होते, त्यानं ठेवले तसेच. तेरा दिवस मी त्यांना वळसा घालून जात होते. मला उचलवत नव्हते, आणि बाकी कुणी उचलत नव्हतं. आयुबचं लक्ष तेव्हा नव्हतं. तो सरळ मशीनपाशी गेला.

हात लावायच्या आधी त्यानं भिंतीवरचा खटका खाली आहे का बघितलं, तरी बब्रुवानला खटक्यापाशी उभा केला. "म्या सांगंपर्यंत कुणी हात लावायचा न्हाय. मामा आले तरी न्हाय." मग केबल उलगडली, आणि अयोध्या करायची तशीच बोटांखालनं सगळी काढली. चीर नव्हती. नट आवळून बघितले, कांडीच्या चिमट्याचं लाकूड हलवून बघितलं. मशीनच्या अंगाला अर्थिंगची तार बसली होती, ती हलवून बघितली. तारेच्या मागं मागं जात बाहेर खड्ड्यापाशी गेला, माती उकरली, नळीवरचा जोड साफ केला. हिरवट गंज थोडा होता. "हे दर महिन्याला घासायचं," तो कुणाला म्हणाला कोण जाणे.

मग खिशातनं दिवा काढला. साधा बल्ब, त्याला दोन तारा. बब्रुवानला खटका वर करायला सांगितला, स्वतः सागवानी फळीवर उभा राहिला, एक तार विजेला लावली, दुसरी खड्ड्याच्या तारेला.

बल्ब लख्ख लागला. घरात लागतो तसाच.

"खड्डा वाईट असता तर हा मिणमिणला असता, न्हायतर लागलाच नसता," आयुब म्हणाला. "मामा, बघून घ्या. मशीनच्या अंगावर करंट येत असला तर तो या तारेनं जमिनीत जातो. तार ठीक हाय. दिवा खोटं बोलत न्हाय."

सिद्रामनं दिव्याकडं बघितलं. जाऊन खड्डाही वाकून बघितला, जसं काही तिथं त्याला दुसरं काही दिसणार होतं. परत आला आणि आयुबपुढं उभा राहिला.

"मग माझा भाचा मेला कसा?"

"तेच बघायलोय." आयुबनं खटका पाडायला लावला. लोखंडाचा एक तुकडा घेतला, कानशीनं घासून पांढरा केला, त्याला जमिनीवरचा चिमटा पकडवला. "चिमटा कामाला लावायचा, गंज काढून. कांडीचा चिमटा ह्यो दुसरा. मशीन चालू असलं की ह्या चिमट्यात करंट असतोच, काम चालू असो नसो. कांडी बदलताना हातमोजा पायजे, कोरडा. खाली फळी, नसली तर पायात रबर. बाकी अंग कोरडं. एवढं असलं तर तो माणसाला काय करत न्हाय. म्या उत्तरेश्वरला पयल्या दिवशीच..." तो थांबला. स्वतःच्या पायाकडं बघितलं. चामड्याच्या चपला होत्या. "बूट पायजेत. बब्रुवान, बूट हायत का?"

"दादाचे हायत की. उंबऱ्यापाशी."

बब्रुवाननं आणून दिले. तेरा दिवसांनी कुणाचा तरी हात त्यांना लागला.

आयुबनं एक बूट हातात घेतला आणि घालायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. नाड्या आत खोचलेल्या होत्या. माणूस स्वतः सावकाश बूट काढतो तेव्हा खोचतो तशा. पडलेल्या माणसाच्या पायातनं कुणी ओढून काढले तर नाड्या आत जात नाहीत. त्यानं फरशीकडं बघितलं. ऐरणीकडं बघितलं. तिच्यावर अमावास्येचं हळदकुंकू तसंच वाळून बसलेलं होतं. लहानपणापासून तो आमच्या भट्टीत वाढला, अमावास्येला त्यालाही मी कितीदा चपला काढायला लावल्या होत्या. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मी नजर काढली नाही. वाट बघत होते, आता बोलेल.

आयुबनं बूट खाली ठेवला. फळीवर बसला.

"मामा," तो म्हणाला, "चिमट्याचं वरचं लाकूड मीच बसवलं होतं. ते सैल झालं असंल. चूक माझीच हाय. लिहिलंय ते राहू द्या, फक्त खड्ड्याच्या जागी चिमटा लिहा."

चिमट्याचं लाकूड घट्ट होतं. आत्ताच त्यानं ते आमच्या डोळ्यांदेखत हलवून बघितलं होतं.

सिद्राम "बघ" असं काहीतरी म्हणाला. बब्रुवाननं मोठा श्वास सोडला. मला मात्र काही ऐकू येईना. चाळीस वर्षं या गल्लीत मी ताठ मानेनं राहिले. मालक गेले तेव्हा कुणाच्या दारात गेले नाही. सख्ख्या भावाच्या राबण्याचंसुद्धा मी चार वर्षं दोन वेळ गरम भाकरीनं चुकतं केलं. आणि आज दादामियाँचा पोरगा माझ्यासाठी तुरुंगात जायला निघाला होता, मला न विचारता, मला भीक घालावी तसा.

"आयुब," मी म्हणाले, "खोटं बोलायला माझ्या घरात माझी माणसं हायत. तुझी गरज न्हाय."

"मावशी, तुमी गप बसा."

"मला गप बस म्हणणारा अजून जन्माला यायचाय." घरातनं उठताना कागद मी हातातच घेतला होता, तो चुरगळला होता. "सिद्राम, ऐक. बब्रुवान, तूबी. आमुशा होती. फरशी म्या धुतली. बूट म्या काढायला लावले. तो घालून आत चालला होता, म्या उंबऱ्यात आडवी झाले. ऐरणीच्या आधी यंत्राचं ऐकतोस का म्हणलं. त्यानं काढले. हातबी नारळाच्या पाण्यानं ओले होते, मीच नारळ फोडायला लावला होता. चिमटा सैल न्हाय, खड्डा वाईट न्हाय. लिहायचं तर हे लिही. सही करते."

बाहेर एक ट्रक हॉर्न देत गेला.

सिद्राम माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "आक्का, असं मोठ्यानं बोलू नको. लोक ऐकतील."

"ऐकू दे की. तेरा दिवस आयुबचं नाव ऐकतायत, आता माझं ऐकतील."

त्यानं माझ्या हातातला कागद सोडवून घेतला. फाडला नाही. घडी घातली, पुन्हा घडी घातली, नखाएवढी झाली तरी घालत राहिला. "सासूनं तुला सांगितलं, तू त्याला सांगितलं," तो म्हणाला. "म्याबी त्याला हेच शिकीवलं होतं. पायात घालून ऐरणीपाशी येऊ नको म्हणून पयल्याच दिवशी थोबाडीत दिली होती." मग तो भिंतीकडं तोंड करून रडला. त्याला रडताना मी आमच्या आईच्या वेळेलाही बघितलं नव्हतं. पाणी न पिता अणदूरला निघून गेला.

बब्रुवान खटक्यापाशी उभाच होता, आयुबनं सांगितलं होतं म्हणून. आयुब त्याला म्हणाला, "ये इकडं. दादाचे बूट घाल." तो नको नको म्हणत होता. आयुबनं त्याला फळीवर उभा केला, हातात मोजे घातले, काळ्या काचेची ढाल तोंडापुढं दिली. "मावशी, वहिनी, तोंड फिरवा. ह्या उजेडाकडं बघितलं की रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यागत होतं." आम्ही तोंड फिरवलं. मागं आयुबनं खटका वर केला, चरचर आवाज झाला, भिंतीवर आमच्या सावल्या निळ्या उमटल्या आणि विझल्या. बब्रुवानला ओळ सरळ जमली नाही. आयुब म्हणाला, दादाचीबी पयली अशीच होती. मग बब्रुवाननं भिंतीवरचा खटका पाडला, उरलेली कांडी काढली, चिमटा लाकडी खुंटीला टांगला, आणि तिथंच खाली बसून कुस्त्यांचं सगळं सांगायला लागला. आयुब ऐकत केबल गुंडाळत राहिला.

मी घरात आले. उन्हं अजून अंगणात होती. चुलीपुढं बसले, पेटवायचं काही नव्हतं तरी बसले. मागनं अयोध्या आली. भिंतीला टेकली. तिनं पदर मागं घेतला होता. तेरा दिवसांत मी तिचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं.

"मला ठाऊक होतं, आत्याबाई," ती म्हणाली.

मी काडीनं चुलीतली राख उकरत राहिले.

"म्या धावत आले तवा त्यांचे पाय उघडे होते, ओले होते. बूट उंबऱ्यात. आन् आमुशा. तवाच कळलं. बूट उचलू दिले न्हाईत म्या कुणाला. बब्रुवानभावजी दोनदा उचलायला गेले, म्या न्हाय म्हणलं. वाटलं, तुमी येताजाता बघाल. कधीतरी बोलाल."

"बोलले न्हाय."

"आज बोललात."

"आयुबनं बोलीवलं. न्हायतर सही केली असती म्या."

"ते बी ठाऊक हाय."

ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझी बाजू मला मांडता आली असती. ती नुसती भिंतीला टेकून उभी राहिली, कुणाची तरी वाट बघत उभं राहावं तशी. मग म्हणाली, "एक सांगाल का? मला दुसरं काय नको."

"विचार."

"बूट काढताना ते काय म्हणले? तुमीच होता तिथं. म्या मागं दळत होते, जात्यात काय ऐकू आलं न्हाय. शेवटचं काय बोलले ते मला ठाऊक न्हाय."

हे मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तेरा दिवस मी फक्त माझंच बोलणं आठवत होते.

"हसला," मी म्हणाले. "एका पायावर उभा राहून नाड्या सोडत होता. म्हणला, माय, भाता कशाचा हाय? चामड्याचाच की. मग त्याला बरं तू ऐरणीच्या मांडीला मांडी लावून बसीवलीस, आन् माझ्या बुटानंच काय घोडं मारलंय."

अयोध्याच्या ओठाचा कोपरा हलला. मग तिला हसू फुटलं. आवाज न करता, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. हुबेहूब त्याचंच बोलणं होतं, दुसऱ्या कुणाचं असणंच शक्य नव्हतं. मलाही क्षणभर वाटलं की तो आता आत येऊन म्हणेल, दोघी काय हसायलाव माझ्यावर.

तिनं डोळे पुसले.

"मग तुमी काय म्हणला?"

"लई शहाणा झालास, म्हणलं."

तिचं हसू थांबलं. ती माझ्याकडं बघत राहिली.

"मग?"

"मग काढले त्यानं."